घराण्याचा शोध घ्यायचाय? नावाआधी मौजा शोधा

“आमच्या पणजोबांचा काही कागद मिळेल का?”
“मौजा कोणता?”
“भंडाऱ्याकडचे होते, एवढं माहीत आहे.”

कचेरीतल्या नकलेच्या खिडकीवरचं संभाषण इथेच संपतं. समोरचा कारकून उर्मट नसतो आणि कागदही बहुतेक वेळा जळालेला किंवा हरवलेला नसतो. विदर्भातली जुनी दप्तरं गावानुसार बांधलेली आहेत, माणसाच्या नावानुसार नाहीत, आणि विचारणाऱ्याकडे कागदावरचं गाव, म्हणजे मौजा, नसतं. मग माणूस दोन-तीन खेटे घालतो, चिडतो आणि “आमच्याकडे काहीच राहिलं नाही” असं म्हणून सोडून देतो. नागपुरात हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढणं गरजेचं वाटलं. पायऱ्या गाळू नका. सहाव्या टप्प्यावरचं काम आधी केलं की वर्ष वाया जातं.

टप्पा १ : कशासाठी शोधताय ते आधी ठरवा

आपल्याकडे वंशावळ हा शब्द कानावर येतो तो जात पडताळणीच्या वेळी. मुलाला प्रवेश हवा असतो, मुदत जवळ आलेली असते आणि घाईत प्रतिज्ञापत्रावर एक झाड काढलं जातं. त्या झाडात फक्त वडिलांकडची पुरुष मंडळी असतात, कारण तिथे तेवढंच लागतं. पुढे दहा वर्षांनी तेच झाड ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ म्हणून घरात फिरतं आणि त्यातल्या चुका पक्क्या होतात.

ही दोन कामं वेगळी आहेत. पडताळणीसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा, वडिलांच्या बाजूचा, जातीचा उल्लेख असलेला कागद लागतो. घराण्याच्या इतिहासासाठी आजीचं माहेर, लहानपणी गेलेली मुलं, दत्तक गेलेला भाऊ, दुसरं लग्न हे सगळं लागतं. दोन्ही करायची असतील तर दोन वह्या करा.

आणि सुरुवातीला एकच ओळ धरा. आईचे वडील किंवा वडिलांचे वडील, यांपैकी ज्या बाजूची म्हातारी माणसं आज हयात आहेत ती बाजू आधी. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

टप्पा २ : स्वतःपासून मागे जा

‘मूळ पुरुष’ गाठून तिथून खाली येण्याचा मोह फार असतो. तसं करू नका. वरून खाली येणारी वंशावळ जवळजवळ नेहमी एखाद्या प्रसिद्ध घराण्याला जाऊन चिकटते.

स्वतःला १ क्रमांक द्या. वडील २, आई ३. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. नियम सोपा आहे: कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. हा क्रमांक प्रत्येक कागदावर, फोटोवर आणि फाईलच्या नावात लिहा. घरात तीन ‘लक्ष्मण’ निघाले तरी गोंधळ होणार नाही.

प्रत्येक क्रमांकाला एक पान. पानावर नाव, घरातलं लाडाचं नाव, जन्म, लग्न, मृत्यू, गाव आणि शेवटी ‘हे कुठून कळलं’. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर वरचं सगळं ऐकीव समजा.

बायकांच्या पानावर माहेरचं नाव आणि माहेरचं गाव यांच्यासाठी वेगळी जागा ठेवा. लग्नात नाव बदललं की जुन्या कागदातली मुलगी आणि नव्या कागदातली सून एकच आहे हे ओळखायला दुसरी खूण उरत नाही.

> तपासा: आठही पणजोबा-पणजींच्या (८ ते १५) पानांवर किती नावं भरली? बहुतेकांची तीन-चार भरतात. पणज्यांची पानं कोरी असतील तर पुढच्या टप्प्यात पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल विचारा.

टप्पा ३ : घरातली पेटी उघडा

बाहेर पाऊल टाकण्याआधी घरातले कागद. आपल्या घरी, काकांकडे, आत्याकडे, आजोळी. यांत काय शोधायचं: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, पेन्शनचे कागद, सर्व्हिस बुकची प्रत, गिरणीतल्या कामाचा कागद, खरेदीखत, कर्जरोखा, पट्ट्याचा कागद, फोटोच्या मागची अक्षरं, भांड्यांवर कोरलेली नावं. भांडी विसरू नका. लग्नात आलेल्या पितळी गुंडावर देणाऱ्याचं नाव आणि बरेचदा गावही कोरलेलं असतं. आजीच्या माहेरचा पत्ता एखाद्या घरी फक्त तिथेच सापडतो.

लग्नपत्रिका तर सोन्यासारखी. निमंत्रक, प्रेषक, मामा, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ लिहिणारी पोरं, यांवरून एका पिढीची सगळी नाती मांडता येतात.

कागदाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चारही कोपरे दिसतील असा काढा. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही काढा.

> सावध: जुना कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन काढता येत नाही, आणि टेपचा गोंद काही वर्षांत अक्षरं पिवळी करतो. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालतो त्या खोलीत कागदांची पेटी ठेवू नका. ती ओल कागदाला बुरशी आणते.

टप्पा ४ : मोठ्यांशी बोला, पण तयारीने

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या आणि नेमका इथेच सगळे कमी देतात. “आजी, आपला इतिहास सांग ना” असं विचारलं की आजी म्हणते, “का सांगू बाई, मले का आठवते.” तिला खूप आठवत असतं. प्रश्न इतका मोठा असतो की ती कुठून धरावं ते तिला कळत नाही.

लहान, हाताला लागतील असे प्रश्न न्या:

- “पोळ्याला कोणत्या गावी जायचा?”
- “कुळाचाराला, देवीला कुठे जायचं? अजून कोण यायचं?”
- “तुमच्या लग्नाची वरात कुठून निघाली, कुठे उतरली?”
- “घरात सुतक कोणाकोणाचं पाळायचे?”
- “गावाला जायला कशात बसायचा, कुठे उतरायचा?”

सुतकाचा प्रश्न फार कामाचा. ‘ते आपले भाऊबंद’ म्हणताना नातं नेमकं सांगता येत नाही, पण सुतक किती दिवसांचं होतं हे बायकांना पक्कं आठवतं आणि त्यावरून घराणं किती जवळचं ते कळतं.

शेवटच्या प्रश्नाने माझं स्वतःचं काम सुटलं. आमच्या घरी सगळे ‘उमरेडकडचे’ एवढंच म्हणायचे. मोठ्या आईला गावाचं नाव विचारलं तर ती दर वेळी वेगळं सांगायची. मग विचारलं, जायचा कसे? ती लगेच म्हणाली, “इतवारीहून लहान गाडीत बसत होतो, भिवापूरले उतरत होतो, मंग बैलगाडीनं नदीच्या कडेकडेनं.” नागपूर–नागभीड या छोट्या रेल्वेवरचं स्टेशन कळलं, दिशा कळली, नदी कळली. नकाशावर पाच-सहा गावं उरली. त्यांची नावं एकेक करून वाचून दाखवली आणि चौथ्या नावाला ती थांबली.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. एका बैठकीत तासाच्या वर बसू नका. सोबत जुने फोटो न्या. फोटोतल्या माणसावर बोट ठेवून विचारलं की आठवण लवकर येते. दोन बहिणींना एकत्र बसवलं तर त्या एकमेकींना दुरुस्त करतात आणि त्यातून खरं निघतं. दोन भावांना मात्र वेगवेगळं भेटा. शेतीच्या वाटणीचा विषय निघाला की दोघेही गप्प होतात.

पितृपक्ष आणि अक्षय्य तृतीया हे चांगले दिवस. घरात श्राद्ध होत असेल तर वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं तिथे उच्चारली जातात. ती तशीच लिहून घ्या.

> सावध: ‘भाऊ’, ‘काकाजी’, ‘मामाजी’ ही नागपूरकडे आदराची हाक आहे, नात्याचा पुरावा नाही. “आमचे काकाजी” म्हटलं की लगेच विचारा: सख्खे, चुलत, की नुसते गावातले?

टप्पा ५ : मौजा पक्का करा

हा टप्पा पूर्ण होईपर्यंत एकाही कचेरीत जाऊ नका.

मौजा म्हणजे महसुली गाव. लोक बोलतात ते गाव आणि कागदावरचा मौजा एकच असेल असं नाही. आपल्याला चार गोष्टी लागतात: मौजाचं कागदावरचं नाव, त्या काळची तहसील, त्या काळचा जिल्हा आणि शक्य असेल तर पटवारी हलका नंबर, म्हणजे कागदावर ‘प.ह.नं.’ असं लिहिलेलं असतं तो.

गोंधळ कुठे होतो ते सांगतो.

एकाच नावाची अनेक गावं. डोंगरगाव, बोरगाव, पिंपळगाव, खापरी ही नावं जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत. शिवाय खुर्द, बुद्रुक, कलां अशी जोडनावं असतात आणि घरी बोलताना ती गळतात.

रिठी. मौजाच्या नावापुढे ‘रिठी’ असेल तर ते उजाड झालेलं गाव. वस्ती शेजारच्या गावात गेली, पण जमीन जुन्याच नावाने राहिली. राहणं एका मौजात आणि शेती दुसऱ्यात असं दिसलं की लोक दोन वेगळी माणसं समजतात.

शहरात बुडालेली गावं. सोमलवाडा, मानेवाडा, बाबुलखेडा, वाठोडा, पारडी हे आज नागपूरचे भाग आहेत, पण जमिनीच्या कागदात ते मौजे आहेत. ‘आम्ही पिढीजात नागपूरचे’ म्हणणाऱ्या घराचं दप्तर अशा एखाद्या मौजाखाली निघतं.

धरणात गेलेली गावं. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाच्या याद्या असतात. तिथे कुटुंबप्रमुखाचं नाव, घर आणि शेत एकत्र सापडतं.

आणि सरकलेल्या सीमा. नागपूर जिल्ह्यात आज चौदा तालुके आहेत. इंग्रजी अमदानीत मुख्य तहसिली नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल. त्यामुळे नरखेडकडच्या गावाचा जुना कागद काटोलच्या नावावर, भिवापूरचा उमरेडच्या, पारशिवनीचा रामटेकच्या नावावर दिसतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून निघाला, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून, आणि चंद्रपूर त्याआधी कागदोपत्री ‘चांदा’ होतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, म्हणून काही जण थेट भोपाळ गाठतात. गावपातळीच्या कागदासाठी तिकडे जायची गरज नाही; तो जिल्ह्यातच शोधायचा. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून आलेल्यांनी मात्र आजच्या मध्य प्रदेशातलाच जिल्हा गाठावा.

पूर्वज अमरावती, अकोला, यवतमाळ किंवा बुलडाण्याचे असतील तर तो वऱ्हाड. तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, आणि जमीन सर्व्हे नंबराने ओळखली जाते. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, आणि जमिनीला खसरा नंबर चालतो. वऱ्हाडच्या गावात जाऊन मालगुजाराचे कागद मागितले तर समोरचा बुचकळ्यात पडणारच.

> तपासा: मौजा, जुनी तहसील, जुना जिल्हा, शेजारच्या दोन गावांची नावं. हे चार कागदावर लिहून झाले का? झाले असतील तरच पुढे.

टप्पा ६ : कागद या क्रमाने मागा

नवीन कागदाकडून जुन्याकडे. प्रत्येक कागद पुढच्या कागदाची किल्ली देतो.

*मृत्यूची नोंद.* आधी मृत्यू, मग जन्म. मृत्यूच्या नोंदीत वय असतं, त्यावरून जन्माचं वर्ष काढता येतं. नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही. घटना घडली तिथे होते. भंडाऱ्याचा माणूस नागपूरच्या मेयो रुग्णालयात वारला असेल तर नोंद नागपूर महापालिकेकडे. नोंद नाही असं उत्तर आलं तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. कोणती वर्षं तपासली ते त्यावर लिहिलेलं असतं आणि तुमचे पुढचे हेलपाटे वाचतात.

*दाखल-खारीज.* शाळेच्या या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं किंवा पालकाचं नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण आणि आधीची शाळा असते. आजोबा शिकले असतील तर हा सगळ्यात भरवशाचा कागद. जन्मतारखेवर मात्र विश्वास नको. मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या १ जूनसारख्या तारखा घराघरांत आहेत. शाळा बंद पडली असेल तर दप्तर शेजारच्या शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा.

*कोतवाल बुक.* गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा, त्याची ही वही. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. इथे सगळे एक चूक करतात: बाळाचं नाव शोधत बसतात. जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतंच. बारशाआधीच नोंद झालेली. ‘अमक्याला मुलगा’ एवढंच लिहिलेलं. म्हणून वडिलांचं नाव, मौजा आणि अंदाजे वर्ष घेऊन त्याच्या आजूबाजूची तीन-तीन वर्षं पाहा.

दुसरी चूक त्याहून मोठी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे थोरल्या मुलाची नोंद वडिलांच्या गावात मिळणारच नाही, ती आजोळच्या मौजात असेल. म्हणूनच सुरुवातीला आजीचं माहेरचं गाव लिहायला सांगितलं होतं. ‘धाकट्यांच्या सगळ्या नोंदी सापडल्या, थोरल्याचीच नाही’ असं झालं की दुसरीकडे कुठे न पाहता आजोळची वही मागा.

मृत्यूच्या नोंदी वाचताना १९१८ चं वर्ष सावकाश वाचा. इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसं काही दिवसांत गेलेली दिसतात, आणि त्यानंतर मुलं आजोळी किंवा चुलत्याकडे वाढलेली. पुढच्या कागदात पालक म्हणून वेगळंच नाव का आहे याचं उत्तर तिथे असतं.

*जमीन.* आजचा सातबारा उघडा, तिथून फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, गाव नमुना ६, आणि वारसांची नोंद म्हणजे ६-क. एक माणूस गेला की त्याची बायको, मुलं, कधी मुलीही ‘वारस’ म्हणून ओळीने येतात. फेरफाराचे नंबर धरून मागे गेलं की दोन-तीन पिढ्या सहज निघतात. त्यामागे बंदोबस्ताचे कागद, हक्कनोंदणी, खसरा. शहरात घर असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नझूलचा म्हणजे शहरातल्या सरकारी जागेचा पट्टा असेल तर त्याची फाईल. १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही काही ठिकाणी आढळते; असली तर घरातली माणसं एकत्र सापडतात.

भूमिहीन घरांनी ‘आपल्याला हे लागू नाही’ असं म्हणून हा भाग सोडू नये. कोतवाल बुक आणि दाखल-खारीज यांना जमीन लागत नाही.

*नोंदणी आणि न्यायालय.* दुय्यम निबंधकाकडे सूची १ नावावरून आणि सूची २ मिळकतीवरून शोधता येते. वाटणीपत्र, बक्षीसपत्र, दत्तकपत्र यांत नाती स्पष्ट लिहिलेली असतात. भावाभावांचा दिवाणी दावा झाला असेल तर त्यात जोडलेला वंशवृक्ष मिळवाच. दोन्ही बाजूंनी तो मान्य केलेला असेल तर त्याहून चांगला पुरावा क्वचित मिळतो.

*अभिलेखागार.* नागपुरात राज्य पुराभिलेख संचालनालयाचं विदर्भ अभिलेखागार आहे. तिथे सर्वात शेवटी जायचं. ते प्रशासनाचं दप्तर आहे. पूर्वज मालगुजार, इनामदार, नोकरदार असेल किंवा काही खटल्यात असेल तर उपयोग होतो.

जनगणनेचा कागद मागू नका. घरोघरच्या जनगणनेची माहिती कायद्याने गोपनीय आहे.

अर्जाबद्दल थोडं. एका अर्जात एकच मौजा, एकच वही, ठरावीक वर्षं. “आमच्या घराण्याची सर्व कागदपत्रे” असा अर्ज बाजूला पडतो. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच, उत्तराची मुदत ३० दिवस. वेळही पाहून जा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा नागपूरच्या सिव्हिल लाईन्सकडे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या भागात, फिरकू नका, आणि जून-जुलैत प्रवेशांमुळे नकलेच्या रांगा लांब असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

टप्पा ७ : कागद वाचायला शिका

नक्कल हातात आली आणि वाचता आली नाही म्हणून पडून राहिली, असं फार होतं. काही शब्द पाठ करा. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘साकीन’ म्हणजे राहणार. ‘मय्यत’ म्हणजे वारलेला, ‘नाबालिग’ म्हणजे अल्पवयीन. ‘गणपत वल्द लक्ष्मण मय्यत’ यात कोण वारलं ते शेजारच्या नोंदींची पद्धत पाहून ठरवा, अंदाजाने नको.

जुन्या नोंदीत आडनाव नसणं नेहमीचं. त्या जागी जात लिहिलेली असते. आणि लिहिणाऱ्यांनी गरिबांची, विशेषतः अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या माणसांची नावं तोडून लिहिली आहेत: लक्ष्मणाचा लख्या, गणपतचा गणप्या. ते वाचताना त्रास होतो, पण शोधताना दोन्ही रूपं शोधावी लागतात. आपल्या वहीत मात्र पूर्ण नाव लिहा आणि कागदावरचं रूप बाजूला नोंदवा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या कागदात धर्माचा रकाना बदलतो, काही घरांनी आडनावंही बदलली. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद वेगळे लावा, म्हणजे साखळी तुटल्यासारखी वाटणार नाही.

मोडी कागद असेल तर आधी स्वतः आकडे आणि महिने ओळखायला शिका. पूर्ण वाचनासाठी जाणकाराकडे द्या. लिप्यंतर ओळीला ओळ मागा, नुसता सारांश घेऊ नका.

सन बदलताना: शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा. फसली म्हणजे महसुली सनात प्रांतानुसार ५९० ते ५९३ मिळवा. मूळ सन खोडू नका, बदललेला त्याच्या खाली लिहा.

टप्पा ८ : नाव जुळलं म्हणून माणूस जोडू नका

मी स्वतः एका चुकीच्या माणसामागे दोन वर्षं घालवली. मौजा तोच, जात तीच, नाव तेच, बापाचं नावही तेच. त्याच्या मागच्या दोन पिढ्याही काढल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. मग कोतवाल बुकात त्याचा मृत्यू १९११ साली दिसला, आणि माझ्या आजोबांच्या दाखल-खारीजमध्ये १९२० साली वडील म्हणून त्याच नावाचा माणूस हजर. गावात एकाच नावाचे दोन दूरचे चुलत भाऊ होते. आजोबाचं नाव नातवाला द्यायची आपली रीत आहे, म्हणून प्रत्येक भावाच्या घरात तेच नाव उगवतं.

त्या दिवसापासून मी पाच खुणा पाहतो: नाव, बापाचं नाव, मौजा, वय, आणि बायकोचं किंवा भावाचं नाव. यांतल्या चार जुळल्याशिवाय पक्की रेघ ओढत नाही, तुटक रेघ ठेवतो. आणि तो माणूस त्या वर्षी जिवंत होता का, हे मृत्यूच्या वहीत पाहतो.

> तपासा: आईचं वय मुलाच्या जन्मावेळी किती येतं? दोन सख्ख्या भावांत चाळीस वर्षांचं अंतर आहे का? असेल तर मधली एक पिढी गळली आहे किंवा दुसरं लग्न आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या या टप्प्यावर पाहायच्या, आधी नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया इथे आडनाव आणि गाव सांगितलं की नामावळ काढून देतात. हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरही आहेत. काही समाजांत भाट येऊन वंशावळ वाचतात. दोन्ही फार मोलाचे, कारण त्यांत भाऊ, बायका, मुलं एकत्र असतात. पण स्वतःकडे दोन-तीन पिढ्या सिद्ध असल्या तरच त्या नामावळीत आपलं घर कोणतं ते ओळखता येतं. आणि पणजोबांच्या वरची, एकाही तारखेशिवाय आलेली नावं तुटक रेघेनेच ठेवा.

टप्पा ९ : सांगायचं काय, ठेवायचं काय

शोधात अशा गोष्टी निघतात ज्या घरात कोणी बोललेलं नसतं. दत्तक, सोडून दिलेली बायको, तुरुंगवास, जातीबाहेरचं लग्न. त्या आपल्या वहीत खऱ्या लिहा. ज्यांच्याशी संबंध आहे अशी माणसं हयात असतील तर त्यांना आधी एकट्यात सांगा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार, मालमत्तेचे नंबर कुठल्याही ऑनलाइन झाडावर चढवू नका.

कागदांच्या फाईलना एकाच पद्धतीने नाव द्या: क्रमांक, वर्ष, वहीचं नाव, मौजा. एक प्रत फोनबाहेर, दुसऱ्या कोणाच्या घरी.

झाड छापून वाटाल तेव्हा कोपऱ्यात तारीख घाला आणि तुटक रेघेचा अर्थ लिहा. पहिली प्रत ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या आत्याला, मोठ्या आईला द्या, मोठ्या अक्षरांत. सोबत पेन ठेवून या. पुढच्या भेटीत त्या कागदावर खाडाखोड दिसेल, तिच्यावर चर्चा न करता आधी त्या पानाचा फोटो काढा, आणि मग विचारा, “हे नाव कुठून आलं?”